दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नाही



गटाच्या बैठकीत तब्येतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'दुखत तर नाही ना? मग राहू दे.' टाचेला जखम झालीय, पण दुखत नाही. पाठीवर चट्टा आलाय, पण दुखत नाही. सकाळपासून हात जड झालाय, पण दुखत नाही. मग कशाला दवाखाना, कशाला गाडीभाडं, कशाला एका दिवसाची मजुरी बुडवायची? आपण बायका तर दुखत असलं तरी अंगावर काढतो. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोण उठून जाणार!

आज आम्ही ह्याच वाक्याबद्दल बोलणार आहोत. दुखणं म्हणजे शरीराने पाठवलेला निरोप असतो. तो निरोप नसांमधून मेंदूपर्यंत जातो. आणि नसच बिघडली, तर निरोप निघत नाही किंवा वाटेतच थांबतो. अशा वेळी दुखत नाही, पण आत नुकसान चालूच असतं. म्हणून काही आजारांत 'दुखत नाही' हीच धोक्याची खूण असते. हे नीट कळायचं तर नस काम कशी करते ते बघायला हवं. शाळेच्या पुस्तकात 'चेतासंस्था' नावाचा धडा होता. तो आठवत नसला तरी बिघडत नाही. आपण आपल्या घरातल्या गोष्टींवरूनच समजून घेऊ.

निरोप नेणारी नस

आधी एक घोळ मिटवू. बोलताना आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि निरोप नेणाऱ्या नसेलाही नसच म्हणतो. मनगटावर निळसर दिसते ती रक्तवाहिनी, तिच्यातून रक्त वाहतं. आज आपण बोलतोय ती नस पांढरट दोऱ्यासारखी असते आणि शरीरात आत दडलेली असते. तिची ओळख मात्र सगळ्यांना आहे. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तिथे कोपराच्या हाडामागून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. तिला धक्का बसला की झिणझिण्या करंगळीत येतात, कारण करंगळीचे निरोप त्याच नसेतून जातात.

सुतळी जशी अनेक धाग्यांची असते, तशी एक नस हजारो बारीक धाग्यांची असते. हा प्रत्येक धागा म्हणजे एका पेशीची लांब शेपटी. ह्या पेशीला चेतापेशी म्हणतात. नुसत्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत. पेशी इतकी लहान की साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण तिची शेपटी किती लांब असू शकते? कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो. ही लांबी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ह्या धाग्यांची दोन मुख्य कामं. काही धागे बातमी आणतात: गरम लागलं, काटा टोचला, पाणी थंड आहे. काही धागे हुकूम नेतात: हात उचल, पाय टाक, पापणी मिट. चुलीवरच्या तव्याला बोट लागलं की आपण विचार करायच्या आत हात मागे घेतो. कारण बातमी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचताच हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला नंतर कळतं आणि मग आपण 'आई गं' म्हणतो.

निरोपात नेमकं काय जातं?

विजेच्या तारेतून करंट जातो तसंच नसेतून जात असेल, असं वाटतं. थोडंसं तसं आहे, पण पुरतं नाही. नसेची वीज मिठावर चालते.

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विजेचा भार असलेले अतिसूक्ष्म कण होतात. त्यातला एक सोडियम. दुसरा तसाच कण पोटॅशियमचा, जो केळ्यात आणि शहाळ्याच्या पाण्यात भरपूर असतो. नसेच्या धाग्याबाहेर सोडियम जास्त असतं आणि आत पोटॅशियम जास्त असतं. धाग्याच्या भिंतीला इवलीइवली दारं असतात. एरवी सोडियमची दारं बंद असतात. टोकाला काटा टोचला की तिथली दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतं. ते आत घुसलं की शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. असं करत करत निरोप पुढे सरकतो. मुलं विटा उभ्या करून ओळ लावतात आणि पहिली ढकलतात, तसंच हे. एकही वीट जागा सोडून पुढे जात नाही, पण पडण्याची लाट शेवटपर्यंत पोचते.

विटांचा खेळ पुन्हा खेळायचा तर सगळ्या विटा परत उभ्या कराव्या लागतात. चेतापेशीही आत आलेलं सोडियम पंपासारखं बाहेर फेकते आणि पुढच्या निरोपाला तयार राहते. ह्या कामाला खूप शक्ती लागते. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण खर्चाच्या शक्तीतला जवळजवळ वीस टक्के वाटा त्याचा. उपाशी पोटी डोकं चालत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

आता प्रश्न असा की प्रत्येक निरोप सारखाच असेल, तर हळू लागलं की जोरात लागलं हे कसं कळतं? मिस्ड कॉलसारखं. एक मिस्ड कॉल आला तर आपण सावकाश बघतो. लागोपाठ वीस आले तर हातातलं काम टाकून धावतो. मिस्ड कॉल लहान-मोठा नसतो, किती आले त्यावरून घाई कळते. जोरात लागलं की नस जास्त भराभर निरोप पाठवते.

ह्या दारांचा अनुभव आपण घेतलेला असतो. दात काढण्याआधी डॉक्टर भुलीचं इंजेक्शन देतात. ते औषध सोडियमची दारं बंद ठेवतं. दात उपटला जातो, हिरडीतून रक्त येतं, पण दुखत नाही. जखम तर झालीच, फक्त बातमी पोचली नाही. आजचा सगळा विषय ह्या एका उदाहरणात आहे. लाल विंचवाचं विष नेमकं उलटं करतं. ते दारं उघडीच धरतं, निरोप थांबत नाहीत, आणि माणूस वेदनेने तळमळतो. विंचू चावलेल्याला आपण लगेच उचलून नेतो, कारण तो ओरडत असतो. ओरडत नाही त्याचं काय, ते आता पाहू.

वेष्टण खराब झालं तर

विजेच्या तारेला प्लास्टिकचं वेष्टण असतं, तसं बऱ्याच नसधाग्यांना चरबीचं वेष्टण असतं. त्यात थोड्या थोड्या अंतरावर फटी असतात आणि निरोप एका फटीतून दुसऱ्या फटीकडे उड्या मारत जातो. त्यामुळे तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेग गाठतो. ठसठशीचा निरोप नेणारे धागे मात्र बिनवेष्टणाचे असतात, त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर. उंबऱ्याला अंगठा आपटला की आधी 'लागलं' हे कळतं आणि क्षणभराने कळ येते, ती ह्याचमुळे.

वेष्टण तयार करणाऱ्या पेशींवरच घर करणारा एक जंतू आहे, कुष्ठरोगाचा. १८७३ साली नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी तो शोधला. तोपर्यंत लोक ह्याला शाप समजत, पापाचं फळ समजत. हा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे कातडीत आणि कातडीजवळच्या नसांत वाढतो. कोपराची ती झिणझिण्यांची नस त्याची आवडती जागा. आधी कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथे स्पर्शही नीट कळत नाही.

कुष्ठरोगात बोटं झडतात, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. ती का झडतात ह्याचं उत्तर तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी शोधलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते तिथे काम करू लागले. त्यांनी रुग्णांचे हात-पाय रोज बारकाईने पाहिले. हे लोक तापलेलं भांडं सहज उचलत, काटा रुतलेल्या पायाने चालत राहत. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडत, तरी जाग येत नसे. मग रुग्णांना घरी जाताना मांजर देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली! मांस आपोआप कुजत नव्हतं. दुखण्याचा निरोप जात नव्हता, म्हणून जखमेवर जखम होत होती आणि तिची काळजी घेतली जात नव्हती. वेदना ही शरीराला मिळालेली देणगी आहे, असं डॉ. ब्रँड पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

मैत्रिणींनो, आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. एमडीटी नावाचं गोळ्यांचं पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने घ्यायचं. बहुतेक माणसांच्या अंगात ह्या जंतूशी लढण्याची ताकद असतेच, आणि गोळ्या सुरू झाल्या की रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती लवकरच संपते. पण मेलेली नस परत मिळेलच असं नाही. म्हणून चट्टा लहान असतानाच दाखवायचा. आपल्या राज्यात, विशेषतः विदर्भात, आजही नवे रुग्ण सापडतात. बाई चट्टा पदराखाली लपवते, कारण तिला घर तुटण्याची भीती असते. तर हेही सांगून ठेवतो: २०१९ साली कायदा बदलला. नवरा किंवा बायको, कुणालाही कुष्ठरोगाचं कारण देऊन आता घटस्फोट मागता येत नाही.

सगळ्यात लांब धागा आधी जातो

कमरेपासून अंगठ्यापर्यंतचा एक मीटरचा धागा आठवतोय ना? मधुमेहात, म्हणजे आपण 'शुगर' म्हणतो त्यात, रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. सगळ्यात लांब धाग्यांना सगळ्यात आधी झळ बसते. म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि दोन्ही पायांत होतो. आधी मुंग्या, आग, रात्री तळव्यांची जळजळ. मग हळूहळू पाय गप्प होतात. मावशी म्हणतात, 'आता बरंय गं, आग थांबली.' खरं तर आग विझलेली नसते. निरोप नेणारा धागाच गेलेला असतो.

मग चपलेतला खडा दिवसभर टोचतो आणि कळत नाही. रात्री पाय धुताना जखम दिसते. तीही दुखत नाही, म्हणून तशीच राहते. साखर जास्त असल्याने ती भरत नाही, चिघळते, आणि शेवटी बोट किंवा पाय कापायची वेळ येते. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको.

इथे एक फरक सांगायला हवा. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. बसल्याने नस दाबली जाते, उठून चाललं की मोकळी होते. पण न बसता, न दबता, रोज मुंग्या येत असतील, तर तपासणी करायची. मधुमेह असू शकतो, किंवा बी-बारा जीवनसत्त्व कमी असू शकतं. ते दूध आणि मांसाहारातून मिळतं, म्हणून ज्यांच्या ताटात दोन्ही कमी त्यांच्यात कमतरता बरीच दिसते. ह्याचा इलाज सोपा आहे, पण वेळेवर करायला हवा.

दोन टोकांमधली फट

आता नसेच्या शेवटच्या टोकाकडे येऊ. धागा स्नायूपर्यंत पोचतो, पण त्याला चिकटत नाही. मध्ये केसापेक्षा हजारो पटीने बारीक फट असते. वीज ती ओलांडत नाही. मग निरोप पलीकडे जातो कसा?

१९२१ साली ऑस्ट्रियात ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञांनी बेडकांची दोन हृदयं मिठाच्या पाण्यात ठेवली. पहिल्या हृदयाची नस चेतवली, तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचं पाणी घेऊन त्यांनी दुसऱ्या हृदयावर टाकलं. दुसऱ्याची नस चेतवलेलीच नव्हती, तरी त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे नसेच्या टोकातून काहीतरी रसायन पाण्यात उतरत होतं. ह्या शोधाला १९३६ साली नोबेल पुरस्कार मिळाला. हे रसायन नावाड्यासारखं निरोप पलीकडे पोचवतं. पलीकडे स्नायू आकसतो, हात हलतो, पापणी उघडते, छातीचा भाता चालतो. काम झालं की एक दुसरा पदार्थ त्या रसायनाचे तुकडे करून फट साफ करतो, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा होते.

ह्या फटीत दोन घात होतात, आणि दोन्ही आपल्या शेतातले, घरातले आहेत.

पहिला फवारणीचा. आपण त्याला 'औषध' म्हणतो, पण ते विष आहे. बरीच कीटकनाशकं कीटकाच्या नसांची फट साफ होऊ देत नाहीत, आणि माणसाच्या नसांचीही तीच गत करतात. निरोप थांबतच नाहीत. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फुरफुरतात, दम लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विष कातडीतूनही आत जातं, आणि अनेकदा कातडीला झोंबतही नाही. फवारणीचे कपडे घरी कोण धुतं? आपणच. ते वेगळे धुवायचे, हातमोजे घालून. कुणाला त्रास सुरू झाला तर अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, आणि बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर घेऊन दवाखाना गाठा. ह्यावर तिथे उतारा मिळतो.

दुसरा घात मण्यारीचा. मण्यार काळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. नागाच्या चाव्याला सूज येते, दुखतं. मण्यारीचा चावा डास चावल्यासारखा. कधी खूणही दिसत नाही. माणूस पुन्हा झोपी जातो. तिचं विष मात्र नसांची टोकंच निकामी करतं, तिथून रसायन सुटत नाही. पहाटे पोटात कळ येते, आपण म्हणतो अपचन झालं. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, आणि शेवटी छातीचा भाता थांबतो.

म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे कारण नसताना पोटात दुखू लागलं आणि पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार चावलीय असं धरून चालायचं. साप दिसला नाही, खूण दिसली नाही, तरीही. १०८ ला फोन करायचा. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, चालवायचं नाही. प्रतिविषाची लस जितकी लवकर मिळेल तितकं चांगलं, कारण निकामी झालेली टोकं लस दुरुस्त करू शकत नाही. ती टोकं काही दिवसांनी पुन्हा वाढतात. तोवर मशीनने श्वास चालू ठेवावा लागतो. असा माणूस डोळे मिटून निपचित पडलेला असतो, पण अनेकदा त्याला सगळं ऐकू येत असतं. म्हणून 'गेला' म्हणून रडारड करू नका आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आशा सोडू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि आधीच टाळायचं तर? खाटेवर झोपा. ते शक्य नसेल तर जमिनीवर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते.

मेंदूला स्वतःचं दुखणं कळत नाही

सगळ्या शरीराचं दुखणं जिथे कळतं, त्या मेंदूच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. म्हणून मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तरी बऱ्याचदा काहीच दुखत नाही. ह्यालाच आपण 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो, म्हणजे लकवा. एका बाजूचा हात जड होतो, तोंड वाकडं होतं, शब्द नीट फुटत नाहीत. काकू म्हणतात, 'हातावर झोपले असेन, थोडं पडते, बरं वाटेल.' आणि त्या पडण्यातच मोलाची वेळ जाते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही डोक्याचं सीटी स्कॅन करून. म्हणून माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक साधं वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला किंवा बोलणं अडखळलं, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या. त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर तेच पहिलं विचारतात.

गटाने काय करायचं?

आमची सूचना अशी. महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, की दहा मिनिटं काढा.

एक, जोड्या करा आणि एकमेकींचे पाय बघा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. मधुमेह असलेल्या बाईने तर घरीही रोज बघायचं. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघा किंवा नातवंडाला बघायला सांगा. अनवाणी चालायचं नाही, चप्पल घालण्याआधी झटकायची, गरम पाणी पाय बुडवण्याआधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यायचं. भोवरी ब्लेडने कापायची नाही.

दोन, पाठीवर, दंडावर, मांडीवर चट्टा असेल तर डोळे मिटून बसायचं. मैत्रिणीने कापसाची वात किंवा मोरपीस चट्ट्याला आणि मग चांगल्या कातडीला लावायचं. चट्ट्यावर स्पर्श कळला नाही, तर आशाताईंना सांगायचं. ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

तीन, १०८ हा नंबर आणि प्रतिविषाची लस असलेल्या, सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या दवाखान्याचं नाव गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लस आत्ता कुठे आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. साप चावल्यावर शोधाशोध नको.

चार, अंतर्गत कर्ज देताना 'दुखत नाही, मग घाई काय' असा प्रश्न आजारपणाच्या कर्जाला विचारू नका. बधिर झालेल्या पायाची तपासणी स्वस्त असते. उशीर झाला की ऑपरेशनचा खर्च सगळ्या गटाची बचत खाऊन जातो.

दुखणं कुणालाच नको असतं. पण दुखतं तेव्हा नस आपलं काम चोख करत असते, निरोप पोचवत असते. ती ओरडली की ऐकाच. आणि जिथे कळायला हवं तिथे काहीच कळत नसेल, तर आणखी लवकर उठा.

पुढच्या बैठकीत पाय बघितले का, ते आम्हाला जरूर कळवा.